कॅटलॉग रोज बदलतो, फोटो बदलत नाहीत

मोठा फोटोसंग्रह सांभाळणाऱ्या माणसाला बॅकअपविषयी विचारले, तर तो आपोआप होतो असे उत्तर हमखास मिळते. लाइटरूम क्लासिक हा फोटो लावून ठेवण्याचा आणि सुधारण्याचा प्रोग्राम वापरणाऱ्याकडून हे ऐकले की माझा पुढचा प्रश्न असतो, ‘कशाचा?’ कारण प्रोग्राम बंद करताना जी चौकट समोर येते ती कॅटलॉगच्या बॅकअपची असते, आणि तिला होकार दिल्यावर तयार होणाऱ्या झिप फाइलमध्ये एकही फोटो नसतो. शिवाय आपण वेगळी जागा दाखवली नसेल, तर ती झिप मूळ कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर जाऊन बसते. डिस्क गेली की दोन्ही गेले.

कॅटलॉग म्हणजे एसक्यूलाइट पद्धतीचा एक डेटाबेस असतो. कोणता फोटो कोणत्या डिस्कवर कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्याला किती तारे दिले, कोणते कीवर्ड लावले, तो कोणत्या कलेक्शनमध्ये आहे आणि त्यावर कोणकोणते संस्कार केले, हे सगळे त्यात नोंदलेले असते. आपण उजेड वाढवतो किंवा कडा कापतो तेव्हा मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेल्या कच्च्या फोटोला, हात लागत नाही. कॅटलॉगमध्ये काही आकडे तेवढे लिहिले जातात. म्हणून फोटो वाचले आणि कॅटलॉग गेला, तर कित्येक वर्षांची निवड आणि मांडणी जाते. कॅटलॉग वाचला आणि फोटो गेले, तर उरतात त्या रिकाम्या नोंदी.

या दोन गोष्टींचा स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट आहे, आणि त्यांना एकाच पद्धतीने जपायला गेलो की घोटाळा होतो. रॉ फाइल कॅमेऱ्यातून उतरली की पुन्हा कधीही बदलू नये. साधारण ३० मेगाबाइटची एक, अशा ५०,००० फाइली धरल्या तर दीड टेराबाइट होतात, आणि त्यातली प्रत्येक फाइल दहा वर्षांनीही बाइटन्बाइट तीच असायला हवी. कॅटलॉग त्यामानाने इवलासा, पण रोज बदलणारा.

आधी फोटोंचे पाहू. जी फाइल बदलायलाच नको, तिच्यासाठी बॅकअप भर घालणारा असावा, पुसणारा नसावा. दोन फोल्डर हुबेहूब सारखे ठेवणारे सिंक नेमके याच्या उलट वागते. आपण चुकून एक फोल्डर उडवला की ते दुसऱ्या बाजूचाही तितक्याच तत्परतेने उडवते. आरसिंक हा फाइलींच्या प्रती करणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी ‘डिलीट’ हा पर्याय म्हणूनच विचार करून लावावा. रेडची आरशासारखी जोडडिस्क, म्हणजे तेच एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या दोन डिस्क, हाही बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तर ती काम चालू ठेवते, पण आपली चूक किंवा खंडणीखोर व्हायरस दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी पोहोचतो.

याहून कपटी प्रकार म्हणजे फाइल आतल्या आत खराब होणे. जेपेगमध्ये पुढच्या तुकड्याचा अर्थ मागच्या तुकड्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे मध्येच एखादा बिट उलटला, तर त्या जागेपर्यंतचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि तिथून खाली रंग हिरवट किंवा गुलाबी होतात, कधी चित्र बाजूला सरकते. फाइलचे नाव, आकार आणि तारीख मात्र तशीच राहते. आरसिंक नेहमीच्या वापरात आकार आणि तारीख एवढेच ताडून पाहते, म्हणून तिला हा बिघाड दिसत नाही; सुदैवाने त्याच कारणाने ती चांगल्या प्रतीवर खराब प्रत लिहीतही नाही. घात होतो तो डिस्क बदलताना. जुनी बॅकअप डिस्क भरली म्हणून मोठी आणली, मूळ संग्रह तिच्यावर नव्याने उतरवला, खराब फाइलही निमूटपणे सोबत गेली, आणि जिच्यावर शेवटची चांगली प्रत होती ती जुनी डिस्क आपण फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला लावली! यावर उपाय म्हणजे फोटो उतरवले त्याच दिवशी प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा), समजा एसएचए-२५६ पद्धतीचा, काढून यादी ठेवणे आणि डिस्क बदलण्याआधी त्या यादीशी दोन्ही प्रती ताडून पाहणे. तारे आणि कीवर्ड थेट जेपेग किंवा डीएनजी (रॉ फोटोंचाच एक फॉरमॅट) फाइलच्या आत लिहिण्याची सोय चालू असेल, तर मात्र फाइल रीतसरच बदलते आणि यादी निरुपयोगी होते. माझे मत त्या सोयीच्या विरुद्ध आहे. नोंदी फोटोशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये जाव्यात आणि मूळ फाइल अस्पर्श राहावी, हे बरे.

एक्सएमपी असल्या म्हणजे कॅटलॉग गेला तरी चालेल, असे काहीजण मानतात. ते अर्धेच खरे आहे. डार्कटेबल हे लाइटरूमसारखेच सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोशेजारी अशी फाइल आपणहून लिहिते आणि संस्कारांचा क्रम तिच्यात असतो. लाइटरूमच्या एक्सएमपीमध्ये तारे, कीवर्ड आणि संस्कारांची शेवटची स्थिती येते. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची फक्त कॅटलॉगमधली दुसरी आवृत्ती) आणि संस्कारांच्या मधल्या पायऱ्या येत नाहीत.

कॅटलॉगसाठी एकच ताजी प्रत पुरत नाही. डेटाबेसमधला दोष काही आठवड्यांनी लक्षात येऊ शकतो आणि तोवर ताज्या प्रतीतही तो उतरलेला असतो. म्हणून तारीखवार जुन्या प्रती हव्यात, आणि लहान फाइल असल्याने त्या परवडतातही. प्रत नेहमी प्रोग्राम बंद असताना घ्यावी. एसक्यूलाइट उघडा असताना ताजे बदल काही वेळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि क्लाउडच्या सिंकने मुख्य फाइल एका क्षणी व ती दुसरी फाइल दुसऱ्या क्षणी उचलली, तर जी प्रत तयार होते तिची अवस्था कोणत्याच क्षणाशी जुळत नाही.

प्रिव्ह्यू, म्हणजे प्रोग्रामने पडद्यावर दाखवण्यासाठी बनवलेल्या प्रती, बॅकअपमधून वगळले तरी चालतात, कारण मूळ फोटो असले की ते पुन्हा बनतात. स्मार्ट प्रिव्ह्यू मात्र मी वगळत नाही. लांब बाजूला २५६० पिक्सेलपर्यंतची ती संकुचित डीएनजी असते, आणि मूळ फाइल कायमची गेली तर मध्यम आकाराची छपाई होण्याइतके तरी त्यातून हाती लागते.

ॲपलच्या फोटोज प्रोग्राममध्ये फोटो आणि डेटाबेस एकाच पुडक्यात असतात, त्यामुळे ते सोपे वाटते. पण ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल, तर जागा कमी पडू लागल्यावर मूळ फाइली फक्त आयक्लाउडवर उरतात आणि मॅकवर लहान प्रती राहतात. मग टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप-सोयीमध्ये येणार तरी काय?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. त्यात मी एवढेच जोडेन की एक प्रत संगणकापासून तोडलेली असावी. दुसऱ्या ठिकाणची प्रत क्लाउडवर ठेवणार असाल, तर आधी गणित करा. सेकंदाला २० मेगाबिट इतका अपलोड अखंड मिळाला, तरी दोन टेराबाइट चढायला सव्वानऊ दिवस लागतात. पहिली खेप डिस्कवर भरून दुसऱ्या घरी ठेवणे आणि क्लाउडवर कॅटलॉग व नवे फोटो पाठवणे, ही तडजोड मला व्यवहार्य वाटते.

आता बॅकअप परत उभा करण्याविषयी. दुसऱ्या संगणकावर कॅटलॉग उघडला की फोल्डरांच्या नावांवर प्रश्नचिन्हे दिसतात, कारण कॅटलॉगला जुन्या डिस्कचा पत्ता ठाऊक असतो. सगळे फोटो एकाच मुख्य फोल्डरखाली असतील, तर त्यावर उजवी क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने नवी जागा एकदा दाखवली की खालचे सगळे फोल्डर जुळतात; संग्रह दहा ठिकाणी विखुरलेला असेल, तर हेच काम दहा वेळा करावे लागते. तिथला प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असेल, तर नव्या आवृत्तीचा कॅटलॉग उघडतच नाही. संस्कारांचे प्रिसेटही (पुन्हा वापरण्यासाठी साठवलेले संस्कारांचे संच) एरवी कॅटलॉगच्या बाहेर, वापरकर्त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि बॅकअपच्या यादीतून नेमके तेच सुटतात. ही तालीम करताना वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो शंभर टक्के आकारात उघडून तळापर्यंत पाहावेत, कारण प्रोग्रामने आधीच बनवून ठेवलेले लघुचित्र मूळ फाइल खराब झाली असली तरी छानच दिसते.