केनेबेककाठचा लाकडी कोट

ही भिंत जवळून बघा. तासून चौकोनी केलेले ओंडके, एकावर एक चढवलेले. अमेरिकेतल्या मेन राज्यात, ऑगस्टा शहरात, केनेबेक नदीकाठी ती १७५४ पासून उभी आहे. हा फोर्ट वेस्टर्न.

इंग्रज आणि फ्रेंच तेव्हा या मुलखासाठी झुंजत होते. मुलूख मात्र इथल्या मूळनिवासी वाबानाकी लोकांचा आणि नदी त्यांच्या वहिवाटीची. हे आधी सांगायलाच हवं.

किल्ला नेमका इथेच का? समुद्राची भरती नदीतून वर चढते ती इथपर्यंतच. बॉस्टनहून आलेली गलबतं पुढे जाऊ शकत नसत. मग रसद इथे उतरवायची, कोठारात भरायची आणि सपाट तळाच्या होड्यांतून वरच्या अंगाला, सुमारे २७ किलोमीटरवरच्या फोर्ट हॅलिफॅक्सला पोचवायची. लढाईपेक्षा साठवणुकीसाठी बांधलेला हा किल्ला. त्याच्यावर थेट हल्ला कधी झालाच नाही.

१७५९ मध्ये कॅनडातलं फ्रेंचांचं क्वेबेक इंग्रजांच्या हाती गेलं आणि पहाऱ्याची गरज सरली. इथले कप्तान जेम्स हॉवर्ड यांनी १७६९ मध्ये किल्ला चक्क विकत घेतला. शिपायांच्या जागेत संसार मांडले गेले, दुकान चालू लागलं. १७७५ च्या सप्टेंबरात, ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींचे सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्ड यांची सुमारे ११०० माणसांची फौज इथे थांबून क्वेबेककडे निघाली.

याच परिसरात मार्था बॅलार्ड ही सुईण राहायची. १७८५ पासून २७ वर्षं तिने रोजनिशी लिहिली. नदी ओलांडून ती बाळंतपणाला जायची. तिने केलेल्या ८१६ बाळंतपणांची नोंद त्यात आहे. मला तर या काठाचा खरा इतिहास तिथेच सापडतो.

पुढे वास्तूची रया गेली, तिची भाडेकरूंची चाळ झाली. पण माणसं राहत होती, म्हणून छप्पर शाबूत राहिलं. १९२० च्या सुमारास हॉवर्ड यांचेच वंशज, प्रकाशक विल्यम हॉवर्ड गॅनेट यांनी तिची डागडुजी करून ती शहराच्या हवाली केली. भोवतीचा मेढेकोट आणि लाकडी बुरूज नव्याने उभारलेले; मूळची आहे ती मधली सुमारे १०० फूट लांबीची इमारत.

आज तिच्यात अठराव्या शतकातला वेश केलेली माणसं चूल पेटवतात, रांधतात, दुकानातला माल दाखवतात. भिंतीतल्या त्या चुलीवर लोखंडी भांडं टांगलेलं आहे. खाली लाकडं धुमसताहेत.