सायकलपटू मारियान व्होस: 18व्या वर्षी विश्वविजेती, 38व्या वर्षी टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी. इतकी टिकली कशी?

[स्क्रीनवर: अ‍ॅम्स्टेल गोल्ड रेस 2024, शेवटचे 50 मीटर, संथ गतीत]

नमस्कार. आधी हा शेवट नीट बघा. पुढे आहे लोरेना वीबेस, आजच्या सगळ्यात वेगवान स्प्रिंटर्सपैकी एक. रेषा यायच्या आधीच तिनं हँडल सोडून हात वर केले. तिच्या शेजारी मारियान व्होस अजून मान खाली घालून पेडल मारतेय. आणि आता, इथे थांबवतो, तिचे दोन्ही हात सरळ झालेत, कंबर सीटच्या मागे गेलीय आणि सायकल शरीराच्या पुढे फेकली गेलीय. शर्यत व्होसनं जिंकली.

याला बाइक थ्रो म्हणतात. निकाल पुढच्या चाकाच्या कडेवर ठरतो, डोक्यावर किंवा छातीवर नाही. शेवटच्या पेडलसरशी शरीर मागे ढकललं की तेवढीच सायकल पुढे सरकते. पण हा फायदा क्षणभरच टिकतो. थ्रो थोडा आधी झाला, तर रेषेवर पोहोचेपर्यंत सायकल पुन्हा शरीराखाली आलेली असते आणि पेडलही थांबलेलं असतं. म्हणजे दुहेरी तोटा. हे टायमिंग हजारो वेळा करूनच येतं, आणि ते वयाबरोबर कमी होत नाही. त्या दिवशी व्होस 36 वर्षांची होती.

पायातला जोर कधीतरी उतरणीला लागतोच. मग वीस वर्षं पुढे राहणारी बाई नेमकं काय सांभाळते, हे आज बघू.

व्होस नेदरलँड्सची, जन्म मे 1987 चा. जानेवारी 2006 मध्ये, 18व्या वर्षी, ती सायक्लोक्रॉसची विश्वविजेती झाली आणि त्याच वर्षी साल्झबुर्गला रोड रेसचीही. सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू, पायऱ्या, खांद्यावर सायकल घेऊन धावणं. टायरमध्ये हवा दीड बारच्या आसपास, म्हणजे अगदी मऊ. चाक सतत घसरतं आणि ते सावरत सावरतच जोर काढावा लागतो. या प्रकारात तिची आठ विश्वविजेतेपदं आहेत, शेवटचं 2022 मधलं.

रस्त्यावर त्याचा काय उपयोग? वळणांवर बघा. दीडशे जणींचा घोळका वळणावर येतो तेव्हा पुढच्या दहा जणी जेमतेम ब्रेक लावतात. मागच्यांना एकमेकींमुळे जास्त थांबावं लागतं, आणि वळण संपलं की तुटलेलं अंतर भरायला उभं राहून जोर काढावा लागतो. समजा शर्यतीत अशी साठ वळणं आहेत, तर शंभराव्या जागेवरची सायकलपटू साठ छोटे स्प्रिंट मारते आणि पाचव्या जागेवरची जवळजवळ एकही नाही. शेवटच्या 300 मीटरला दोघींच्या पायात काय उरलंय, याचा हिशोब तिथेच झालेला असतो. व्होसला बघायचं तर जिंकताना बघू नका, शेवटाच्या 30 किलोमीटर आधी ती घोळक्यात कुठे आहे ते बघा. तिचं खरं कसब मला तिथे दिसतं.

पण सगळ्यांना माहीत असलेली ताकद उलटतेसुद्धा. 2007 ते 2011, सलग पाच विश्वस्पर्धांमध्ये ती दुसरी आली. स्टुटगार्ट, व्हारेझे, मेन्द्रिझिओ, जिलाँग, कोपनहेगन. पाचही वेळा पुढे इटलीची किंवा ब्रिटनची सायकलपटू, त्यातली शेवटची दोन वर्षं जॉर्जिया ब्राँझिनी. स्प्रिंटमध्ये ती धोकादायक, हे माहीत असल्यावर प्रतिस्पर्धी तिच्याच चाकामागे बसतात. मागे बसणारीला हवेच्या रोधातून मोठी सूट मिळते आणि पुढचीनं जोर कधी काढला तेही दिसतं. स्प्रिंट पहिल्यांदा सुरू करणारी बऱ्याचदा हरते ती याच कारणानं.

यावर तोड एकच, मोठ्या घोळक्याच्या स्प्रिंटची वेळच येऊ द्यायची नाही. जुलै 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला, भर पावसात, ती तिघींच्या गटात शेवटपर्यंत आली आणि लिझी आर्मिट्स्टेडला हरवून सुवर्ण घेतलं. दोन महिन्यांनी वाल्केनबुर्गच्या विश्वस्पर्धेत, घरच्या रस्त्यावर, शेवटच्या फेरीत काउबेर्ग चढणीवर तिनं हल्ला केला आणि एकटीच रेषेवर आली. पाच रौप्यपदकांनंतर सहाव्या वर्षी सोनं. 2013 मध्ये फ्लॉरेन्सलाही तीच जिंकली.

आता पडझडीचा भाग. हिवाळ्यात सायक्लोक्रॉस, वसंतापासून रोड, त्यात माउंटन बाइकची भर. वर्षात रिकामा महिना उरतच नव्हता. 2015 चा हंगाम दुखापत आणि अतिश्रमात जवळपास वाया गेला. अतिश्रमाची लक्षणं फसवी असतात. नेहमीइतकाच जोर (तो वॉटमध्ये मोजतात) लावला तरी नाडीचे ठोके वाढायला हवेत तेवढे वाढत नाहीत, आणि काही जणी त्याला फिटनेस समजतात. झोप तुटते, सोपा सराव जड वाटतो. आठवडाभर विश्रांती घेऊन हे जात नाही, महिने लागतात. आणि या काळात सराव वाढवणं हा सगळ्यात महागडा उपाय.

दुसरं दुखणं धमनीचं. मिनिटाला 90 फेऱ्या धरल्या, तर पाच तासांत एक पाय 27,000 वेळा वर-खाली होतो, तोही कंबरेत वाकलेल्या स्थितीत. जांघेतून पायाकडे जाणारी इलियाक धमनी त्यात पुन्हा पुन्हा मुडपते. काही जणींमध्ये तिची आतली भिंत जाड होते आणि वाट अरुंद होते. पूर्ण जोर लावला की एका पायाची मांडी दुखते, पाय शिसाचा होतो, आणि थांबल्यावर पाच मिनिटांत सगळं ठीक. म्हणूनच हे निदान सुटतं, कारण पडून तपासलं तर नाडी उत्तम लागते. सायकलवर पूर्ण दमवून लगेच घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला की दुखऱ्या बाजूचा आकडा घसरलेला दिसतो. व्होसनं 2023 चा हंगाम याच शस्त्रक्रियेसाठी मध्येच सोडला.

आणि त्यानंतरचं 2024 बघा. बेल्जियममधल्या दोन एकदिवसीय शर्यती, ओम्लूप हेट निउस्ब्लाड आणि द्वार्स डोर व्लांडेरेन, जिंकल्या, मग ती अ‍ॅम्स्टेल. पॅरिस ऑलिंपिकला रौप्य, लंडननंतर बारा वर्षांनी. महिलांच्या टूर द फ्रान्सची हिरवी जर्सी, म्हणजे सर्वाधिक गुणांची. ऑक्टोबरमध्ये लूव्हनला ग्रॅव्हलचं, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतीचं, विश्वविजेतेपद.

एक गोष्ट तिच्या पायांच्या बाहेरची आहे. बरीच वर्षं महिला सायकलपटूंना किमान पगारच नव्हता, आणि पगार नसेल तर चांगली खेळाडूही लवकर खेळ सोडते. वर्ल्डटीम, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, संघांना तो 2020 पासून बंधनकारक झाला, वर्षाला 15,000 युरो, आणि 2022 मध्ये 27,500. सोबत बाळंतपणाची रजा, तीन महिने पूर्ण पगारी आणि पाच महिने अर्ध्या पगारी. व्होसला संघ मिळाला नसता असं कधीच झालं नसतं. पण तिच्याशी लढणाऱ्या टिकल्या त्या या पैशांमुळे, आणि त्यामुळेच आजच्या शर्यती इतक्या अटीतटीच्या आहेत. 2013 मध्ये महिलांची टूर हवी म्हणून ज्या चौघींनी मोहीम उभी केली, त्यात ती होती. पुढच्या वर्षी पॅरिसच्या शाँझेलिझेवर ला कुर्स ही महिलांची एकदिवसीय शर्यत झाली, ती तिनंच जिंकली. आठ टप्प्यांची टूर यायला मात्र 2022 उजाडलं. तेव्हा ती 35 वर्षांची होती. तिनं दोन टप्पे जिंकले, पाच दिवस पिवळी, म्हणजे एकूण वेळेत पहिली असणारीची, जर्सी घातली आणि हिरवी घरी नेली.

[स्क्रीनवर: प्लुमलेक, 26 जुलै 2025]

आणि ही 2025 ची टूर, पहिला टप्पा. शेवट कादुदालच्या चढणीवर. पुढे निघालीय पोलिन फेराँ-प्रेव्हो, व्होसच्याच संघातली. व्होसकडे बघा, घाई नाही, रेषा जवळ येऊ देतेय, आणि आता उठली. पुन्हा अगदी शेवटच्या मीटरला ती पुढे. या विजयानं मिळालेली पिवळी जर्सी दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी परत आली. नऊ टप्प्यांनंतर ती जर्सी फेराँ-प्रेव्होच्या अंगावर होती, म्हणजे संघातच राहिली.