तारीख दिली, माणूस का आला नाही?

मंडळी, महासाथीत लोक दवाखान्याला यायला घाबरले, असं आपण सरसकट म्हणतो. घाबरले खरे, पण कशाला? माझ्या मते आजाराला कमी, आणि दवाखान्यात गेल्यावर जे मागं लागेल त्याला जास्त. दारावर चिकटणारा कागद, गल्लीची नजर, म्हातारी वॉर्डात एकटी आणि मुलगा फाटकाबाहेर. 1897 चा साथरोग कायदा प्लेगमध्ये झाला आणि मार्च 2020 मध्ये पुन्हा तोच बाहेर निघाला. घरात शिरून माणूस उचलून नेण्याची धास्ती आपल्याकडं जुनीच आहे.

त्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलाकडच्या गावातून बेळगावला यायला टाळेबंदीत गाडीच नव्हती. अशा माणसाच्या नावापुढं दवाखान्याच्या नाहीतर संशोधनाच्या नोंदवहीत 'आला नाही' एवढंच लिहिलं जातं. यायचं नव्हतं की येता येत नव्हतं, हे त्या रकान्यात कुठं दिसतं?

सीमेवर तर आणखी गंमत. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या कितीतरी घरांचा डॉक्टर बेळगावात. शिनोळी आणि बाची ही शेजारची गावं, मध्ये राज्याची हद्द. 2021 साली महाराष्ट्रातून येणाऱ्याकडं 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागायचे. तातडीच्या उपचाराला सूट होती. पण साखरेची नेहमीची तपासणी तातडीची आहे, हे नाक्यावरच्या पोलिसाला कसं पटवायचं? तीन महिने गोळ्या चुकल्या की ती तातडीची होते, तोवर नाही.

क्षयरोगाचं पाहा. देशात 2019 साली सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले, 2020 साली सुमारे 18 लाख. जंतू काही सुट्टीवर गेले नव्हते. खोकला क्षयात आणि कोविडमध्येही, म्हणून खोकणारा घरातच दडून बसला. शिवाय तपासणीची यंत्रं आणि माणसं कोविडकडं वळली होती.

आता उलटी बाजू. जुलै 2020 मध्ये कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचणीसाठी निवडलेल्या 12 ठिकाणांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. पहिल्या टप्प्यात देशभरातून 18 ते 55 वयाचे 375 निरोगी स्वयंसेवक घेतले. नवी लस, तरी माणसं दंड पुढं करून आली, आणि ठरल्या तारखांना रक्त द्यायला परत यायचं हेही त्यांनी कबूल केलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यांच्यावरून जिल्ह्याचं मन मोजू नये. पासष्टीची मधुमेही आजी त्या वयोगटातच बसत नव्हती. अशा संशोधनाला जो येऊ शकतो, त्याचीच माहिती आपल्या हाती लागते, आणि मग तीच सगळ्यांची म्हणून छापली जाते. याची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून संशोधन करणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. संमतीपत्र घरात बोलतात त्या भाषेत द्या. येळ्ळूरच्या मराठी बोलणाऱ्या बाईपुढं कानडी आणि इंग्रजी कागद ठेवून अंगठा घेणं ही संमती नव्हे. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी आधी हातात द्या. जे फोनवर विचारता येतं त्यासाठी माणसाला बोलावू नका. रक्त फोनवर काढता येत नाही. त्यासाठी आशाताईला सोबत घेऊन तुम्हीच गावात जा. आणि जो आला नाही, त्याच्या नावापुढं कारणाचा रकाना ठेवा.