गावाचं ॲप गावाच्या फोनात

नमस्कार श्रोतेहो.

अमरावती, यवतमाळ, वर्ध्याच्या कॉलेजांत शिकणारी आपली मुलं आता मोबाइल ॲप तयार करू लागली आहेत. कोणी तुरीच्या भावासाठी, कोणी भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी. ॲप प्ले स्टोअरवर चढतं, पण ज्या गावासाठी केलं तिथं ते कोणाच्या फोनात दिसत नाही. आज मी या मुलामुलींशी बोलणार आहे, आणि त्यांना हात देऊ शकणाऱ्या गावकऱ्यांशीही.

प्ले स्टोअरचा एक नियम आहे. ॲप चढवणाऱ्याचं खातं वैयक्तिक आणि नवं असेल, तर किमान १२ जण सलग १४ दिवस चाचणीत असल्याशिवाय ॲप सर्वांसाठी खुलं करता येत नाही. वर्गमित्रांची नावं टाकून हे उरकणं सोपं आहे. पण माझं आग्रहाचं सांगणं, हे बारा जण गावातून निवडा. कृषी सेवा केंद्राचे मालक, बचत गटाच्या अध्यक्ष ताई, दूध संकलनावरचे दादा, ट्रॅक्टरवाले काकाजी, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक. या माणसांकडे गाव रोज काहीतरी विचारायला येतं. त्यांच्या हातात ॲप द्या, शेजारी बसा, बोट कुठं अडतं ते पाहा. "ह्यानं माह्यं काय काम होते बाप्पा?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, तर आधी ॲप सुधारा. देता आलं, तर तेच वाक्य प्ले स्टोअरवरच्या छोट्या वर्णनात लिहा. तिथं ८० अक्षरांचीच जागा असते, नावाला तर ३०.

चाचणी संपल्यावर हीच मंडळी चार जणांना ॲप दाखवतील. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे, ते पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला गावात येत नाही.

वेळही साधावी लागते. ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलं. सातबाऱ्यावर पीक चढवायचं होतं, म्हणून ज्यांना फोन नीट जमत नव्हता तेही पोराला घेऊन धुऱ्यावर गेले. तुमच्या ॲपमागं अशी गरज सरकार उभी करणार नाही. म्हणून ट्रॅक्टरचं ॲप मृग लागायच्या आधी दाखवा, तुरीच्या भावाचं तूर कापणीला आली की.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ॲपची एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप थेट फोनात बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसान अशा नावांच्या फाइल उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. अशी फाइल आली की उघडू नये, हे आपणच गावाला शिकवायचं आणि आपणच ती पाठवायची, हे चालणार नाही. प्ले स्टोअरची लिंक द्या. दुकानात क्यूआर कोड लावलात, तर खाली ॲपचं नाव आणि तुमचा फोन नंबर ठळक मराठीत छापा. कोणी वर दुसरा कोड चिकटवला तर लगेच कळेल.

पाच तारे मिळावेत म्हणून रिचार्जचं आमिष दाखवू नका. प्ले स्टोअरला ते चालत नाही. आणि ज्यांनी ॲप काढून टाकलं, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा. फोनात जागा नव्हती, रेंज नसताना ॲप उघडत नव्हतं, की भाव कालचाच दिसत होता? यातलं जे दुरुस्त करता येईल ते आधी करा, पोस्टर नंतर लावा.

नमस्कार.