दगडातली नाळ

नमस्कार मंडळी. बाजारातून मासा आणला, कापायला घेतला आणि पोटात गाभोळी निघाली की घरात काय आनंद होतो ते खाणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. आज अशाच एका मासळीची गोष्ट सांगणारे, फक्त हिच्या पोटात गाभोळी नव्हती, पिल्लू होतं, नाळेसकट, आणि ती मेली त्याला झाली ३८ कोटी वर्षं! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे हिच्यापुढे कालचं पोरच म्हणायचं.

ती सापडली वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, किंबर्ली भागात. तिथे फिट्झरॉय क्रॉसिंग म्हणून छोटं गाव आहे आणि त्याच्याजवळ गोगो नावाचं गुरं पाळायचं भलंमोठं रान. आज बघाल तर सगळं रखरखीत, पण तेव्हा तिथे समुद्र होता, मोठी रीफ, म्हणजे समुद्री जिवांनी बांधलेली खडकाची भिंत, होती. मासा मेला की खोल तळाशी जायचा, तळाला ऑक्सिजन जवळजवळ नाही, त्यामुळे लचके तोडायला कुणी नाही, आणि मग हळूहळू त्याच्याभोवती चुनखडीचा गोळा धरायचा. फॉसिल म्हटलं की आपल्याला पापडासारखा चपटा मासा आठवतो ना, इथले मासे तसे दबलेलेच नाहीत, जिवंतपणी जसे भरीव होते तसेच.

तर २००५ मध्ये फॉसिल अभ्यासणारे शास्त्रज्ञ जॉन लाँग आणि त्यांच्या टीमला उन्हातान्हात गोळे फोडताना हा मासा मिळाला. लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर. पण खरं काम पुढे लॅबमध्ये. तुमच्या ओट्याला कडप्पा असेल तर त्यावर लिंबू सांडून बघा, म्हणजे नकोच, पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही. कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की विरघळते. नेमकी हीच युक्ती. व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिड पातळ करून गोळा त्यात बुडवायचा, चुना विरघळतो, हाडं राहतात. मग बाहेर काढा, धुवा, उघड्या पडलेल्या हाडांना पक्कं करणारा लेप द्या, वाळवा, परत बुडवा... असं कितीतरी दिवस. मला तर भात शिजेपर्यंत धीर धरवत नाही.

शेवटी आत दिसली इवलीशी हाडं. आधी वाटणारच ना, काहीतरी खाल्लं असेल. पण हाडं चावलेली नाहीत, पचलेली नाहीत, आणि घडण हुबेहूब त्याच जातीची, आणि शेजारी पिळदार दोरीसारखं काहीतरी, दगड झालेलं. ती नाळ! २००८ मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं आणि अंडी न घालता थेट पिल्लू जन्माला घालण्याचा पुरावा एका झटक्यात २० कोटी वर्षं मागे गेला. नाव ठेवलं मॅटरपिस्किस अ‍ॅटनबरोई, म्हणजे आई-मासा, आणि पुढचं अर्थातच निसर्गावरच्या टीव्ही मालिकांवाल्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंवरून, कारण त्यांनी १९७९ मध्येच टीव्हीवर गोगोच्या माशांची ओळख करून दिली होती.

याच गोगोच्या दुसऱ्या माशांमध्ये पुढे चक्क हृदयसुद्धा मिळालं. ते २०२२ मध्ये जाहीर झालं, केट ट्रिनाजस्टिक यांच्या टीमचं काम. दगड न फोडता नुसतं स्कॅन करून बघितलं तर दोन कप्प्यांचं, इंग्रजी एस सारखं वळलेलं हृदय, यकृत, पोट, सगळं जागच्या जागी.

पण मला आवडते ती मधली गंमत. आई-मासा सापडल्यावर लोकांनी म्युझियममधले जुने मासे परत काढून बघायला घेतले. लंडनला गोगोचाच एक मासा होता, इन्सिसोस्क्यूटम जातीचा, पोटातल्या बारक्या हाडांवर म्हटलेलं, हे याचं शेवटचं जेवण. २००९ मध्ये नीट बघितलं तर ते पिल्लू निघालं. बिचारी, इतकी वर्षं खादाड म्हणून नाव झालं होतं तिचं, आणि ती होती गरोदर.