तारांकित होम रन

[पडद्यावर: लाकडी टेबलावर मधोमध कापलेला चेंडू, अगदी जवळून]

हा बेसबॉलचा चेंडू. आत रबराच्या वेष्टनातला बूच. त्याभोवती घट्ट गुंडाळलेले लोकरीचे आणि सुताचे धागे, उलगडले तर तीनशे मीटरहून जास्त भरतात. वर गाईचं पांढरं कातडं आणि लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. हे टाके आजही हातानेच घालतात.

[पडद्यावर: कूपर्सटाऊनचं बेसबॉल संग्रहालय, हॉल ऑफ फेम, मग चांदणी कोरलेल्या चेंडूचं छायाचित्र]

असाच एक चेंडू ७ ऑगस्ट २००७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बॉन्ड्सने कुंपणापार भिरकावला. हा त्याच्या कारकिर्दीतला ७५६ वा होम रन. हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम त्या रात्री मोडला. फॅशन डिझायनर मार्क एको यांनी तो चेंडू लिलावात ७ लाख ५२ हजार ४६७ डॉलर मोजून घेतला आणि त्याचं काय करायचं ते लोकांनाच विचारलं. आहे तसा संग्रहालयाला द्यायचा, तारांकन, म्हणजे उत्तेजक औषधांमुळे विक्रमावर शंका असल्याची खूण, कोरून द्यायचा, की रॉकेटमधून चंद्रावर धाडायचा? इंटरनेटवर मतदान झालं आणि सर्वाधिक मतं तारांकनाला पडली. कातड्यात चांदणी कापून तो चेंडू कूपर्सटाऊनला पोचता झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं तिकिटं काढून या खेळाडूंना डोक्यावर घेतलं, त्यांनीच ही खूण मागितली.

[पडद्यावर: जुनं चित्रीकरण, सेंट लुईस, ८ सप्टेंबर १९९८. प्रेक्षकांचा आवाज चालू ठेवा]

त्याच्या नऊ वर्षं आधीची ही संध्याकाळ. मार्क मॅग्वायरचा हंगामातला ६२ वा होम रन. चेंडू जेमतेम ३४१ फूट गेला. त्या हंगामातला त्याचा हा सर्वात आखूड होम रन, डावीकडच्या भिंतीला निसटता पार करून गेलेला. आनंदाच्या भरात मॅग्वायर धावताना वाटेत टेकायच्या पहिल्या थांब्यावर, पहिल्या बेसवर, पाय ठेवायलाच विसरला; प्रशिक्षकाने त्याला मागे फिरवलं. प्रेक्षकांत रॉजर मॅरिसची मुलं बसली होती. मॅरिसचा ६१ चा विक्रम १९६१ पासून अबाधित होता.

खेळाला या आनंदाची फार गरज होती. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली. पुढच्या हंगामात मैदानावर येणारे प्रेक्षक सुमारे २० टक्क्यांनी घटले. मॅग्वायर आणि सॅमी सोसाच्या चुरशीने ती गर्दी परत आणली. त्या वर्षी मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. मालकांचे गल्ले भरले, आणि गल्ला भरत असताना औषधांच्या चौकशीची घाई कोणालाच नव्हती.

[पडद्यावर: खेळाडूंच्या लॉकरची रांग, मग औषधाची तपकिरी बाटली]

१९९८ च्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. हा पदार्थ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या एक पायरी अलीकडे असतो. पोटात गेला की शरीरातलं एन्झाइम त्याचा काही भाग टेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतं. ऑलिम्पिकमध्ये त्याला बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्येही होती. बेसबॉलमध्ये नव्हती, आणि दुकानात तो चिठ्ठीशिवाय मिळायचा. बातमी आली तेव्हा टीकेची झोड उठली ती वार्ताहरावर: दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावलाच कशाला?

[पडद्यावर: सरावाच्या जाळीतला फलंदाज, संथ गतीत]

औषध घेऊन कोणाला चेंडू नीट दिसायला लागत नाही, असं चाहते एकमेकांना समजावत राहिले. ते खरंच आहे. ताशी ९० मैलांचा चेंडू पिचरच्या, म्हणजे तो टाकणाऱ्याच्या, हातून सुटल्यापासून साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी येतो. मारायचा की सोडायचा हे त्यातल्या पहिल्या निम्म्या वेळात ठरतं आणि तिथे स्नायू कामाचे नाहीत. फरक पडतो बॅट फिरल्यावर. टफ्ट्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉजर टोबिन यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. स्नायूंचं वजन १० टक्के वाढलं तर बॅटचा वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा तीन-चार टक्के. एवढ्याने होम रन मात्र निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतात. कारण उघड आहे: चांगल्या फलंदाजाचे कितीतरी फटके कुंपणाच्या थोडं अलीकडे झेलले जातात. चेंडूचा वेग ताशी एका मैलाने वाढला तर तो साधारण दीड मीटर पुढे पडतो. कालचा झेल आज होम रन.

दुसरा फायदा थकव्याचा. सहा महिन्यांत १६२ सामने. ऑगस्ट उजाडेपर्यंत मनगटं, गुडघे, पाठ बोलायला लागतात. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन स्नायूतल्या पेशींना प्रथिनं बनवायला लावतं, झीज लवकर भरून निघते आणि सप्टेंबरमधली बॅट एप्रिलसारखी फिरते.

[पडद्यावर: प्रयोगशाळा. नमुन्याच्या बाटल्या, यंत्रात जाणारी नळी. हा भाग लांब ठेवा]

आता पकडतात कसं ते पाहू. खेळाडूबरोबर नमुना घेणारा माणूस आत जातो आणि समोर उभा राहून पाहतो. लघवी ए आणि बी अशा दोन बाटल्यांत विभागली जाते, क्रमांक जुळवून सील लावलं जातं, खेळाडू सही करतो. लघवी फार पातळ भरली, तर पुन्हा नमुना द्यावा लागतो. त्यामुळे लिटरच्या लिटर पाणी पिऊन सुटका होत नाही.

प्रयोगशाळेत आधी पाहतात ते टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या भावंडासारख्या एपिटेस्टोस्टेरॉनचं प्रमाण. बहुतेकांच्या शरीरात दोन्ही साधारण सारखीच असतात. पूर्वी सहास एक ही मर्यादा होती, पुढे ऑलिम्पिक खेळांत ती चारास एक झाली. कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेमच्या बाल्को कंपनीने नेमकी इथे पळवाट काढली. त्यांच्या मलमात दोन्ही पदार्थ एकत्र घातलेले होते. टेस्टोस्टेरॉन वाढलं तरी प्रमाण बिघडत नव्हतं. दुसरं औषध जिभेखाली टाकायचे थेंब, टीएचजी नावाचं स्टेरॉइड. तेव्हाच्या नेहमीच्या चाचणीत नमुन्यावर प्रक्रिया करून तो तापवून वायुरूपात यंत्रात सोडत, आणि टीएचजीचा रेणू त्यातच मोडून जाई. सापडणार काय?

२००३ च्या जूनमध्ये ॲथलेटिक्सच्या एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅटलिन यांच्या चमूने तळाशी उरलेल्या औषधातून रेणूची रचना उलगडली आणि न तापवता, द्रवरूपातच तपासणारी नवी चाचणी बसवली. ३ सप्टेंबरला बाल्कोवर छापा पडला. ही धागेदोरे जुळवणारी माणसं बेसबॉलच्या पगारावर नव्हती, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

आणखी एक चाचणी आहे, कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यात कार्बन-१३ कमी असतो. त्याच नमुन्यातल्या, शरीराने स्वतः बनवलेल्या दुसऱ्या स्टेरॉइडशी ताडून पाहिलं की फरक उघडा पडतो. खर्चिक असल्याने ही चाचणी प्रत्येक नमुन्यावर होत नसे.

[पडद्यावर: छोट्या गावातलं मायनर लीगचं मैदान, बसमधून उतरणारे तरुण खेळाडू]

विज्ञान होतं, तरी नियम का नव्हता? मेजर लीगने, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने, १९९१ मध्ये एका परिपत्रकाने स्टेरॉइडला मनाई केली, पण चाचणीच ठेवली नाही. चाचणीला खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते आणि ती मिळत नव्हती. २००१ मध्ये चाचणी सुरू झाली ती त्याखालच्या मायनर लीगमध्ये, कारण तिथल्या पोरांना तेव्हा संघटनाच नव्हती. म्हणजे बसने गावोगाव हिंडणाऱ्या, तुटपुंज्या पगारावरच्या मुलांचे नमुने घेतले जात होते, आणि त्याच वर्षी मेजर लीगमध्ये ७३ होम रनचा नवा विक्रम झाला तिथे एकही नमुना घेतला जात नव्हता. चाहत्यांचा खरा राग इथे आहे.

२००३ मध्ये निनावी चाचणी झाली. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढे कायमची चाचणी, अशी अट होती. पाचांहून जास्त निघाले. तरीही २००४ मध्ये पहिल्यांदा सापडणाऱ्याला नुसते उपचार, नाव गुप्त.

[पडद्यावर: १७ मार्च २००५, अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढची सुनावणी]

राफाएल पाल्मेरोने समितीपुढे बोट रोखून सांगितलं की त्याने कधीच स्टेरॉइड घेतलं नाही. ऑगस्टमध्ये तोच दोषी आढळला. शिक्षा दहा दिवसांची. मॅग्वायरने भूतकाळाबद्दल बोलायचंच नाकारलं आणि २०१० मध्ये कबुली दिली: १९९८ च्या हंगामातही त्याने स्टेरॉइड घेतलं होतं. जाणूनबुजून काही घेतलं हे बॉन्ड्सने कधीच मान्य केलं नाही. बाल्कोच्या चौकशीत न्यायात अडथळा आणल्याबद्दलची त्याची शिक्षा २०१५ मध्ये रद्द झाली. लीगने नेमलेल्या चौकशीच्या, डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात ८९ नावं आली. तिसांपैकी एकही संघ सुटला नव्हता.

नियम कडक झाल्यावरही कच्चे दुवे राहिले. २०११ मध्ये रायन ब्रॉनचा नमुना शनिवारी संध्याकाळी घेतला गेला. कुरियर बंद समजून नमुना घेणाऱ्याने तो सोमवारपर्यंत घरी ठेवला. सील शाबूत होतं, पण नमुना लगेच रवाना करायचा असा नियम होता. लवादाने ब्रॉनला सोडलं. २०१३ मध्ये त्याने ६५ सामन्यांची बंदी स्वीकारली आणि चूक कबूल केली.

शरीराची किंमत वेगळीच: हृदय, यकृत, कुमारवयीन मुलांची खुंटलेली वाढ. १९९६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या आणि २००२ मध्ये स्वतःहून कबुली दिलेल्या केन कॅमिनिटीचं ४१ व्या वर्षी निधन झालं, पण त्याचं नोंदलेलं कारण स्टेरॉइड नव्हे, तर कोकेन आणि अफूजन्य पदार्थांचा अतिरेक हे होतं.

[पडद्यावर: हॉल ऑफ फेमची दालनं, भिंतीवरच्या कांस्याच्या पाट्या]

हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळवायला ७५ टक्के मतं लागतात. २०२२ मध्ये, बेसबॉल पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीला, बॉन्ड्सला ६६ टक्के पडली. ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं झालं, ते आयुक्त बड सेलिग मात्र २०१७ पासून आत आहेत. खेळाडूंना बाहेर ठेवणं योग्यच आहे, मग हा दरवाजा यांच्यासाठी कसा उघडला?

[पडद्यावर: सान दिएगोचं मैदान, सामन्याआधी भरत जाणारे स्टँड]

आज पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला कायमची बंदी. बंदीच्या काळात पगार नाही. २०२२ मध्ये सान दिएगोचा फर्नांडो तातिस धाकटा क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड घेतल्याचं आढळून ८० सामने बाहेर बसला. गजकर्णाच्या औषधातून ते शरीरात गेलं, असं त्याचं म्हणणं. त्याचा १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार मात्र जसाच्या तसा राहिला. दोषी ठरल्यावर संघाला करार मोडता यावा, असं कलम हवं. लीग आणि संघटनेचा २०२२ मध्ये झालेला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. हे कलम आणायचं तर त्या वाटाघाटीतच आणावं लागेल, आणि तिकीट काढणाऱ्यांनी आपापल्या संघाच्या कचेरीला तसं लिहून कळवावं.