लाईन गेल्यावर दिसणारी बाई

नमस्कार मंडळी! कूलरच्या टाकीत पाणी भरून झालं असेल तर जरा रेडिओचा आवाज वाढवा, कारण आज मी भुताच्या पिक्चरवर बोलून राहिलो. मागच्या वेळी विचारलं होतं ना, ‘लाइट्स आउट’ कोणी कोणी पाहिला म्हणून, तर तुमचे इतके मेसेज आले की वाचता वाचता चहा थंड झाला, आणि गंमत म्हणजे अर्धे म्हणतात एक नंबर, अर्धे म्हणतात फालतू, मधला माणूस शोधून सापडत नाही. आणि हो, आज शेवट सांगणार आहे मी, ज्यांना नको असेल त्यांनी तर्री-पोहे खाऊन या.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड सँडबर्ग नावाच्या स्वीडनच्या माणसानं 2013 मधे घरातल्या घरात, बायकोलाच हिरॉईन करून, तीनेक मिनिटांची एक फिल्म बनवली. बाई झोपायला निघाली, लाईट बंद केला तर पॅसेजमधे कोणीतरी उभं, लावला तर कोणी नाही, परत बंद केला तर आहे. बस्स, एवढंच. ते नेटवर असं चाललं की हॉलिवूडवाल्यांनी बोलावलं, ‘कॉन्ज्युरिंग’वाला जेम्स वान प्रोड्युसर झाला आणि 2016 मधे मोठा पिक्चर आला. खर्च जवळपास 49 लाख डॉलर, कमाई 14 कोटींच्या वर, डॉलरच बरं का. आणि लांबी फक्त 81 मिनिटं, म्हणजे आपल्याकडे इंटरव्हल होते तेवढ्यात खेळ खल्लास.

आता तुमची मतं. सक्करदऱ्याच्या एका भाऊंनी लिहिलं की पहिली दहा मिनिटंच पैसे वसूल आहेत, त्या कापडाच्या गोदामातली, दुकानात असतात तसे पुतळे आहेत आणि दिवे एकेक करून बंद होत जातात ती. अगदी बरोबर. आणि ते लाल निऑनच्या पाटीचं! हिरॉईनच्या खोलीबाहेर टॅटूच्या दुकानाची पाटी लुकलुकते, उजेड आला की जमिनीवर काही नाही, गेला की कोणीतरी बसून काहीतरी खरवडतंय, परत उजेड, परत अंधार, आणि दर वेळी आपण त्या पाटीलाच हात जोडतो की बाई गं विझू नकोस. अशा सीनला काय लागतं, एक पाटी लागते. बंदुकीचंही तसंच, गोळी झाडली की जो क्षणभर उजेड पडतो तेवढ्यात ती भुताची बाई गायब, त्यामुळे गोळी लागतच नाही. नियम एकच, पण त्याच्याकडून किती काम करून घेतलंय बघा.

एका पोरानं थेटरातली आठवण पाठवली. हिरॉईनचा बॉयफ्रेंड अंधारात अडकतो, मोबाईलच्या उजेडावर कसाबसा निभावतो, आणि मागच्या रांगेतून एकजण स्वतःचा टॉर्च पडद्यावर मारून ओरडला, ‘हा घे बे, पळ आता!’ सगळं थेटर हसलं. नंतर मात्र कोणी मोबाईल खिशात ठेवला नाही म्हणे.

तक्रारी पण आहेत. महालातले एक काका म्हणतात, काहून हे लोक घरात इन्व्हर्टर बसवत नाहीत? काका, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या डोळ्यांसमोर आणि तरी 2005-06 च्या लोडशेडिंगमधे दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर, असं आपण काढलंय, अमेरिकेतल्या माणसाला काय माहीत लाईन जाणं म्हणजे काय! पण माझं म्हणणं असं की याच कारणानं हा पिक्चर आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागायला पाहिजे. लाईन गेल्या गेल्या आपण खरोखर आंधळेच असतो, कारण डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं जातात. त्यात अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध नसतातच, त्या भोवतीनं असतात, म्हणून खुंटीवरच्या शर्टाकडे सरळ बघितलं की तो पुसट होतो आणि नजर थोडी बाजूला नेली की परत उभा राहतो. म्हणजे बघायला गेलं की नाही, बघितलं नाही की आहे. सँडबर्गनं हेच उचललं आणि त्याला एक स्विच लावला, असं मला वाटतं. ज्यांनी भर दुपारी, मोबाईलवर, शेजारी कूलर धडधडत असताना पाहिला आणि ‘काही भीती वाटली नाही’ म्हणून कळवलं, त्यांना काय सांगू आता. त्या पिक्चरमधे ओरखड्यांचा आवाज आहे हो, तो कूलरनं खाल्ला तुमच्या.

मला स्वतःला बोअर कुठे झालं सांगू? डायनाची, म्हणजे त्या भुताची, हिस्टरी सुरू झाली तिथे. ती लहानपणी मनोरुग्णालयात होती, उजेड सहन न होणारा त्वचेचा आजार होता, उपचाराच्या प्रयोगात गेली, फायली, फोटो, टेप. कशाला हे? पॅसेजमधे उभी होती तोवर ती कोणाचीही होती, तुमची, माझी. जन्मदाखला दाखवला की भूत सरकारी होऊन जातं.

आणि शेवट, ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं आली. डायना टिकून आहे ती हिरॉईनच्या आईच्या, सोफीच्या मनाच्या आधारावर, आणि सोफीला डिप्रेशन आहे. पोरांना वाचवायला ती स्वतःला संपवते आणि भूत जातं. काहींनी लिहिलं, आई असावी तर अशी. धरमपेठेतल्या एका ताईंनी मात्र लिहिलं की माझ्या आईचीही गोळी चालू आहे, ती माझ्या बाजूला बसून बघत होती आणि मला रिमोट सापडेना. मी या ताईंच्या बाजूनं आहे. आजारी माणूस गेला की घर सुटलं, असं पडद्यावर दिसायला नको होतं, मग पिक्चर कितीही भारी असो. घरात कोणाला असं काही होत असेल तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, लिहून ठेवा.

यात अजून एक भानगड आहे. शेवटानंतरचा एक सीन शूट झाला होता ज्यात डायना परत येते, पण थेटरात आलेल्या पिक्चरमधून तो काढला. तो ठेवला असता तर आईच्या जाण्यानं काहीच सुटलं नाही असा अर्थ निघाला असता, आणि मला तो जास्त खरा वाटला असता, भले लोक थेटरातून चरफडत बाहेर पडले असते.

तर आधी ती तीन मिनिटांची छोटी फिल्म बघा, नेटवर आहे, मग मोठा पिक्चर, तोही कूलर बंद करून. घाम येईल तो येईल. आणि कोणती भारी वाटली ते कळवा, पुढच्या वेळी वाचतो. आता गाणं ऐका, मी टाकी बघून येतो.